मानेतला पू फेकून देण्याआधी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

२०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने घराघरांत धास्ती घातली. तेव्हापासून मधुमेही माणसाच्या गालावर, नाकात किंवा जबड्यात काही सुजले की नातेवाइकांच्या तोंडून पहिला प्रश्न येतो तो ‘बुरशी तर नाही ना?’ असा. प्रश्न रास्तच आहे. परंतु बुरशी नाही असा निर्वाळा मिळाला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि तेथून पुढे त्या सुजेकडे कोणी नीट पाहत नाही, हे मात्र रास्त नाही. बुरशीखेरीज काही जीवाणूही याच माणसांच्या याच भागात ठाण मांडून बसतात. ते संथ असतात, त्यांची नावे लोकांच्या कानावर नसतात आणि त्यांच्यावरची औषधे वेगळी असतात. त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हे पत्र.

मी डॉक्टर नाही. सोलापुरातल्या प्रयोगशाळांत ३३ वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करून मी चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. कोणाला कोणते औषध द्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि या पत्राचा तो हेतूही नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्यांची प्रतिकारशक्ती मधुमेहाने, स्टेरॉइडने, केमोथेरपीने, एचआयव्हीने किंवा मूत्रपिंड रोपणानंतरच्या गोळ्यांनी कमी झालेली आहे, अशा माणसाच्या मानेतून, जबड्यातून वा कानातून पू निघाला, तर तो बादलीत न जाता प्रयोगशाळेत गेला पाहिजे, आणि तोही योग्य भांड्यातून, योग्य चिठ्ठीसह. हे वाचायला अगदी साधे वाटेल. इतके साधे असूनही ते आमच्या स्वतःच्या घरात घडले नाही, म्हणून लिहीत आहे.

माझे थोरले दीर मोहोळ तालुक्यात राहतात. ऊस आणि थोडे डाळिंब आहे. वय ६१, मधुमेह १४ वर्षांचा, आणि साखर तपासायला जायचे म्हटले की नेमकी त्याच दिवशी विहिरीवरची मोटार बिघडते. गेल्या वर्षी जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास त्यांची खालची दाढ काढली. जखम भरली असे वाटले. होळीच्या आसपास जबड्याच्या कोपऱ्याखाली सुपारीएवढी गाठ आली. ती फारशी दुखत नव्हती, पण दगडासारखी टणक होती. जवळच्या दवाखान्यात पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. त्यांत दातदुखीवर आपल्याकडे सर्रास दिली जाणारी मेट्रोनिडॅझोलही होती. सूज थोडी उतरली आणि पंधरा दिवसांत पुन्हा चढली. असे तीनदा झाले. मग एका खासगी दवाखान्यात चिरा दिला; निघालेला पू कापसाने टिपला गेला आणि कापूस बादलीत गेला. पुढे दुसऱ्या ठिकाणी गाठीचा तुकडा काढला, परंतु तो सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणारे पण जंतू मारणारे द्रावण) टाकला आणि रिपोर्ट आला ‘जुनाट दाह’. मानेत गाठ, जुनाट दाह, वजन सहा किलोने उतरलेले, एवढ्या आधारावर क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या.

हे सारे मला आषाढीनंतर गावी गेले तेव्हा कळले. तोपर्यंत फोनवर ‘दाढेचे जरा दुखणे आहे’ एवढेच सांगितले जाई आणि मीही त्यापुढे काही विचारत नसे. ज्या बाईने आयुष्यभर लोकांचा पू काचपट्टीवर पसरला, तिने घरच्या माणसाला ‘पू तपासला का’ हा एक प्रश्न चार महिने विचारला नाही, याचा दोष मी दुसऱ्या कोणावर टाकू शकत नाही. मी पोहोचले तोवर जबड्याखाली तीन ठिकाणी कातडी फुटून नासूर झाले होते, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हते, आणि जन्मभर कडक भाकरी चावून खाल्लेला माणूस दुधात कुस्करलेल्या भाकरीवर आला होता. जाऊबाई सहज म्हणाल्या, ‘अगं, पट्टी बदलताना रव्यासारखं पिवळं काहीतरी चिकटलेलं असतं बघ.’

या कामात हयात घालवलेल्या माणसाला एवढे वाक्य पुरते. उतरलेली पट्टी एका स्वच्छ डबीत घालून मी सोलापूरला आणली आणि जुन्या सहकाऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या टेबलाशी बसले. पट्टी सलाईनमध्ये हलवली, तळाशी बसलेला एक पिवळा कण उचलला, दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून चिरडला आणि ग्राम स्टेन केला, म्हणजे जंतू दिसावेत म्हणून रंग चढवला. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या रंगाच्या, अतिशय बारीक, फांद्या फुटलेल्या तंतूंचे जाळे दिसले. पुढे ताज्या पुवाचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) आणि तुकड्याची फेरतपासणी झाली आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांनी निदान पक्के केले ते ॲक्टिनोमायकोसिसचे.

या नावातच घोटाळा आहे. ‘मायकोसिस’ म्हणजे बुरशीचा रोग, त्यामुळे दिरांच्या मुलाने नाव ऐकताच ‘म्हणजे बुरशीच की!’ म्हणून कपाळाला हात लावला. खरे तर ॲक्टिनोमायसिस हा जीवाणू आहे. तंतूंसारखा वाढतो म्हणून जुन्या शास्त्रज्ञांनी त्याला बुरशी समजून हे नाव दिले आणि चूक कळल्यावरही नाव तेच राहिले. १८७७ मध्ये बोलिंगर यांनी तो गुरांच्या जबड्यातल्या गाठीत दाखवला आणि १८७८ मध्ये जेम्स इस्राएल या शल्यविशारदाने माणसातील रोगाचे वर्णन केले. त्यांच्याच नावावरून माणसात सर्वाधिक आढळणाऱ्या जातीला इस्राएली म्हणतात. पुवातल्या पिवळ्या कणांना गंधकाचे कण म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांत गंधक नसते, जंतूंचीच घट्ट झालेली गुठळी असते.

हा जंतू बाहेरून येत नाही. तुमच्या-माझ्या तोंडात, हिरड्यांच्या कडेला, किडलेल्या दाढेत तो एरवी निरुपद्रवी राहतो. दाढ काढल्याची जखम, जबड्याला लागलेला मार किंवा कुजलेले मूळ यांतून तो आत शिरतो, आणि मधुमेहासारखे कारण असेल तर त्याला तेथे मुक्काम करणे सोपे जाते. इतर जंतू स्नायूंच्या थरांमधल्या फटींतून पसरतात. हा तसे न करता थर भेदून सरळ पुढे सरकतो, म्हणून गाठ लाकडासारखी टणक लागते आणि कातडीला एकामागून एक तोंडे फुटतात. ज्या जिल्ह्यात मिश्री आणि माव्याने हिरड्या झिजलेल्या माणसांना तोटा नाही आणि साखर तर घरटी कोणाला ना कोणाला आहे, तेथे हा आजार पाठ्यपुस्तकातला दुर्मीळ नमुना म्हणून सोडून देता येणार नाही.

आता यातली सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट. मेट्रोनिडॅझोलचा या जंतूवर मुळातच परिणाम होत नाही. परिणाम होतो तो पेनिसिलिनचा, जे औषध आज इतके जुने आणि स्वस्त आहे की त्याची शिफारस केली तर रुग्णालाच शंका यावी. मात्र ते द्यावे लागते मोठ्या मात्रेत आणि दीर्घकाळ. आजार खोलवर गेला असेल तर साधारणपणे दोन ते सहा आठवडे शिरेतून आणि त्यानंतर सहा महिने ते वर्षभर गोळ्यांतून, असे उपचाराचे गणित असते. पाच-पाच दिवसांच्या तीन कोर्सनी जंतू मरत नाही. तो थोडा मागे हटतो, गाठ मऊ पडते, सर्वांना बरे वाटते आणि कल्चरमध्ये उगवण्याइतका जिवंत जंतू मात्र नमुन्यात उरत नाही. आमच्या दिरांना सात महिने गोळ्या झाल्या आहेत. नासूर मिटले आहेत, गाठ बोराएवढी उरली आहे, आणि साखर तपासायला ते आता मोटारीची सबब न सांगता जातात.

क्षयाचा संशय घेणाऱ्या डॉक्टरांना मी नावे ठेवत नाही. मानेत महिनोन्महिने राहणाऱ्या गाठींमागे आपल्याकडे क्षय हे आजही फार मोठे कारण आहे. आजीच्या तोंडी असलेला ‘गंडमाळ’ हा शब्द काही उगीच आलेला नाही. एचआयव्ही असलेल्यांत आणि मधुमेहींत तर तो अधिकच. तक्रार आहे ती तपासणीशिवाय संशयावरून सहा महिन्यांचे औषध सुरू करण्याविषयी. गाठीत सुई घालून काढलेल्या नमुन्यावरून क्षयाची जनुकीय तपासणी सरकारी यंत्रणेत विनामूल्य होते. तीत क्षय सापडला तर उत्तमच, आणि नाही सापडला तर त्याच नमुन्याचा उरलेला थेंब दुसऱ्या जंतूंच्या शोधासाठी वापरता येतो, अर्थात तो फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला नसेल तर.

क्षयाच्याच वेषात येणारा आणखी एक जंतू म्हणजे नोकार्डिया. फ्रान्समधील पशुवैद्य नोकार यांनी तो १८८८ मध्ये गुरांच्या आजारात शोधला. योगायोग असा, की मी सांगत असलेले हे दोन्ही जंतू माणसाआधी गुरांच्या दुखण्यातून ओळखीचे झाले. आपल्यासारख्या गोठ्याच्या मुलखात हे ध्यानात राहायला हरकत नाही. नोकार्डिया मातीत राहतो. काटा रुतल्याच्या किंवा खरचटल्याच्या जखमेतून तो चेहऱ्याच्या कातडीत आणि मानेच्या गाठींत उतरतो, किंवा धुळीबरोबर फुप्फुसात जातो. स्टेरॉइडवर असलेल्या आणि अवयवरोपण झालेल्या रुग्णांत तो मेंदूपर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. क्षयासाठी जो लाल रंगाचा स्टेन करतात, त्यात रंग काढण्यासाठी २० टक्के सल्फ्युरिक आम्ल वापरले की नोकार्डियाचा रंग निघून जातो आणि तो दिसत नाही. १ टक्का आम्ल वापरले की तो लालसर राहतो. म्हणजे एकच काचपट्टी, एकच जंतू, पण बाटली चुकली की रिपोर्ट चुकला. मधल्या एखाद्या मात्रेवर तो अर्धवट लाल दिसून क्षयाचा जंतू म्हणूनही खपून जाऊ शकतो. त्यावरचे मुख्य औषध को-ट्रायमोक्साझोल, तेही कित्येक महिने. क्षयाच्या नेहमीच्या चार गोळ्यांनी तो आटोक्यात येत नाही.

येथे आमच्या प्रयोगशाळांचाही कान पकडला पाहिजे. ‘कल्चर : नो ग्रोथ’ असा रिपोर्ट वाचून डॉक्टर आणि रुग्ण दोघेही समजतात की पुवात जंतू नाहीत. त्या दोन शब्दांचा खरा अर्थ बहुतेक वेळा ‘४८ तासांत काही उगवले नाही’ एवढाच असतो. नोकार्डियाला उगवायला कित्येकदा आठवडा-दोन आठवडे लागतात. ॲक्टिनोमायसिसला तर प्राणवायू नसलेली बरणी लागते आणि १४ दिवसांपर्यंत धीर धरावा लागतो. इन्क्युबेटरमध्ये जागा नाही, रोज नवे नमुने येत आहेत, म्हणून तिसऱ्या दिवशी जंतू वाढवण्याच्या प्लेटा ऑटोक्लेव्हकडे, म्हणजे वाफेने निर्जंतुक करून टाकून द्यायला, जातात. मीही त्या पाठवल्या आहेत, त्यांची संख्या आठवण्याची माझी इच्छा नाही. नमुन्याबरोबर ‘मधुमेह, जबड्याची टणक गाठ, दाढ काढली होती’ एवढी ओळ कोणी लिहिली असती तर त्यांतल्या काही प्लेटा नक्की ठेवल्या गेल्या असत्या. तंत्रज्ञाच्या हाती फक्त एक बाटली, एक नाव आणि ‘पस फॉर सी अँड एस’ (पुवाचे कल्चर आणि औषध-चाचणी करा) अशी अर्धी ओळ येते. रुग्ण २५ वर्षांचा पैलवान आहे की केमोथेरपीवरची आजी, हे त्या ओळीवरून कळत नाही.

कानाच्या बाबतीत गोष्ट वेगळी आहे. तेथे जंतू पटकन उगवतो, उशीर होतो तो माणसांकडून. नोकरीत असताना आमच्या गल्लीतले, जुन्या कापड गिरणीतून निवृत्त झालेले एक काका होते. वय ७२, मधुमेह वीस वर्षांचा. एक कान दुखू लागला. घरच्यांनी लसूण कढवलेले कोमट तेल घातले. मग एकाने कानात मळ आहे म्हणून पिचकारीने पाणी मारून कान धुतला. त्यानंतर औषधाच्या दुकानातून एकामागून एक तीन प्रकारचे थेंब झाले. दुखणे दिवसा सोसवे, पण रात्री ते भिंतीला डोके टेकून बसत. दीड महिन्याने एका सकाळी त्यांचे तोंड एका बाजूला वाकडे झाले, डोळा मिटेना. घरच्यांना वाटले अंगावरून वारे गेले. ते त्यांना लकव्याचे औषध देणाऱ्याकडे परगावी घेऊन गेले आणि त्यात आणखी दहा दिवस गेले. शेवटी कानातला स्राव आमच्याकडे आला. दुसऱ्या दिवशी प्लेटचे झाकण उचलले आणि पिकलेल्या द्राक्षांसारखा वास आला, माध्यमाला हिरवट झाक होती. सुडोमोनास हा जीवाणू ओळखायला त्याहून अधिक काही लागत नाही. नियमाप्रमाणे पुढच्या चाचण्या केल्या त्या औषध कोणते चालेल हे पाहण्यासाठी, आणि तेथे दिसले की ज्या जातीच्या थेंबांचा मारा झाला होता त्याच जातीच्या औषधाला तो जंतू दाद देत नव्हता.

या आजाराला वैद्यकात मॅलिग्नंट ओटायटिस एक्स्टर्ना म्हणतात. मॅलिग्नंट या शब्दाने घरचे लोक कर्करोग समजून हादरतात; हा कर्करोग नव्हे, कानाच्या नळीतून कवटीच्या तळाच्या हाडात उतरलेला जंतुसंसर्ग आहे. १९६८ मध्ये चँडलर यांनी अशा १३ रुग्णांचे वर्णन करून हे नाव दिले, कारण त्या काळी त्यांतले निम्म्याच्या आसपास दगावत. आज औषधे आहेत, पण सहा ते आठ आठवडे किंवा त्याहून अधिक द्यावी लागतात. मधुमेहात कानातल्या बारीक रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात आणि कानातल्या मळाची आम्लता कमी झालेली असते, त्यामुळे पाण्यात सहज राहणाऱ्या या जंतूला तेथे आयती जागा मिळते. वयस्क मधुमेहींचा कान नळाच्या पाण्याच्या पिचकारीने धुतल्यानंतर हा आजार सुरू झाल्याची नोंद वैद्यकात वारंवार झाली आहे. आपल्या शहरात तर काही दिवसांच्या अंतराने येणारे पाणी पिंपात साठवून वापरण्याची सवय आहे. त्या पाण्याने मधुमेही माणसाचा कान धुणे कोणीच करू नये असे माझे मत आहे. चेहऱ्याची नस हाडातून जिथे बाहेर पडते तिथपर्यंत संसर्ग गेला की तोंड वाकडे होते. तेव्हा कान वाहत असलेल्या मधुमेही माणसाचे तोंड वाकडे झाले तर त्याला लकव्याच्या औषधाला न नेता आधी कान दाखवावा. काकांचा डोळा पुढे बऱ्यापैकी मिटू लागला, तोंडाचा वाकडेपणा थोडा राहिलाच.

पुवाविषयी इतके लिहिले, तरी एका प्रकारच्या रुग्णात पू होतच नाही, हे सांगणे अधिक महत्त्वाचे आहे. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशी, त्यांतही न्यूट्रोफिल या प्रकारच्या. केमोथेरपीनंतर हे न्यूट्रोफिल एका मायक्रोलिटर रक्तात ५०० च्या खाली गेले, की हिरडी कुजत असली किंवा घशाच्या मागे संसर्ग पसरत असला तरी ना धड सूज येते, ना लाली, ना पू. असतो तो फक्त ताप आणि दुखणे. स्टेरॉइडही असेच सारे झाकून टाकतात. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयातून केमोथेरपी घेऊन गावी परतणारी माणसे आपल्या जिल्ह्यात खेडोपाडी आहेत; त्यांच्या घरच्यांनी ‘गाठ नाही, पू नाही, मग उद्या बघू’ असे म्हणू नये. अशा रुग्णाला ताप आला तर तो त्याच दिवशीचा विषय आहे आणि तेथे रक्ताचे कल्चर लागते. तोंडाच्या कर्करोगासाठी जबड्यावर किरणोपचार झालेल्यांत काही वर्षांनी हाड उघडे पडते. त्या मृत हाडातही वर सांगितलेला ॲक्टिनोमायसिस अनेकदा सापडतो, म्हणून काढलेल्या हाडाचा एक तुकडा फॉर्मॅलिनबाहेर ठेवलेला बरा.

मेलिऑइडोसिस या आजाराचे नाव आपल्याकडे क्वचितच घेतले जाते. १९११ च्या सुमारास रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी त्याचा जंतू शोधला. तो ओल्या मातीत आणि भातखाचरांत राहतो, मधुमेहींवर विशेषकरून झडप घालतो आणि कधी कधी कानाखालच्या लाळग्रंथीत किंवा मानेत गळू करतो. आपला ज्वारीचा कोरडा मुलूख त्याचे घर नव्हे, परंतु किनारपट्टीच्या कर्नाटकात, केरळात, तमिळनाडूत तो आहे आणि आपली माणसे तिकडे कामाला जातात. प्रयोगशाळेत तो सुडोमोनाससारखा दिसतो आणि ‘बाहेरून मिसळलेला असेल’ म्हणून सोडून दिला जातो. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या दोन्हींना दाद न देणारा, पण को-ॲमॉक्सिक्लॅव्हला दाद देणारा असा ‘सुडोमोनास’ दिसला तर माझ्या तरुण सहकाऱ्यांनी थांबून विचार करावा, कारण त्याच्यावर दहा-चौदा दिवसांची इंजेक्शने आणि नंतर तीन महिने गोळ्या असा दोन टप्प्यांचा उपचार लागतो. मधुमेहींच्या मानेतल्या खोल गळवात क्लेब्सिएला हा जंतू इतरांपेक्षा जास्त सापडतो, हेही त्यांच्या कानावर असावे.

एका प्रसंगी मात्र नमुन्याची वाट कोणी पाहू नये. दाढेच्या दुखण्यानंतर जिभेखालचा आणि हनुवटीखालचा भाग दोन्ही बाजूंनी फुगून टणक झाला, जीभ वर उचलली गेली, लाळ गिळता येईना, आवाज बदलला, तर तो लुडविग अँजायना असू शकतो. १८३६ मध्ये जर्मन वैद्य लुडविग यांनी त्याचे वर्णन केले. त्यात काही तासांत श्वास कोंडतो. अशा माणसाला थेट मोठ्या रुग्णालयात, सोलापुरात असाल तर सिव्हिलसारख्या ठिकाणी न्यावे. तेथे आधी श्वासनलिका आणि प्रतिजैविक, मग बाकी सारे. तरीही गळू उघडताना पिचकारीत दोन मिलिलिटर पू घेऊन ठेवायला मिनिटभरही लागत नाही, आणि तिसऱ्या दिवशी औषध बदलायची वेळ आली तर तो पूच उपयोगी पडतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांत सांधेदुखीवर किंवा दम्यावर महिनोन्महिने स्टेरॉइड घेणारे मिळवावेत. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक दोन आठवड्यांहून जास्त काळ घेतले तरी प्रतिकारशक्ती दबली असे धरतात, आणि कित्येकांना आपण घेतो त्या पुडीत स्टेरॉइड आहे याचा पत्ताही नसतो. तेव्हा ‘प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण’ म्हणजे कोणी दूरचा नव्हे, बहुतेक घरांत एखादा तरी असतो.

शहरातल्या आणि तालुक्यांतल्या दवाखान्यांना माझी विनंती आहे. अशा रुग्णाचे गळू उघडताना पहिल्या प्रतिजैविकाच्या आधी, ते शक्य नसेल तर निदान त्याच वेळी, सुईने पू ओढून घ्यावा. पिचकारीतली हवा काढून, सुई काढून टोपण लावावे आणि दोनेक तासांत ती प्रयोगशाळेत पोहोचवावी. फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण प्राणवायू न सोसणारे जंतू थंडीनेही दगावतात. कोरड्या कापसाच्या काडीवर पुसून आणलेल्या नमुन्यातून यांतले निम्मे जंतू मिळत नाहीत, असा माझा टेबलावरचा अनुभव आहे. तुकडा काढला असेल तर त्याचे दोन भाग करावेत, एक फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये. चिठ्ठीवर मधुमेह, स्टेरॉइड, केमोथेरपी, रोपण यांपैकी जे असेल ते, चालू असलेली औषधे, दाढ काढल्याचा किंवा माती लागल्याचा इतिहास आणि ‘दीर्घकाळ ठेवा’ एवढे लिहावे. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने गोपनीयता बंधनकारक आहे, म्हणून तेथे ‘प्रतिकारशक्ती कमी’ एवढे शब्द पुरेत. त्यावरूनही आम्हाला काय करायचे ते कळते. प्रयोगशाळांनी अशा नमुन्यांच्या प्लेटा १४ दिवस ठेवण्यासाठी इन्क्युबेटरचा एक कप्पा वेगळा काढावा आणि रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’च्या पुढे किती तासांनंतर, हे लिहावे.

आणि रुग्णाच्या घरच्यांनी, चिरा देताना बाहेर उभे राहून फक्त पैसे भरू नयेत; ‘पू तपासायला पाठवलात का, आणि रिपोर्ट कधी मिळेल?’ असे विचारावे. डॉक्टर रागावले तर रागावोत. घरी पट्टी बदलताना रव्यासारखे पिवळे कण दिसले तर ती पट्टी फेकू नये, स्वच्छ झाकणाच्या डबीत घालून दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्यावी. आमच्या जाऊबाईंनी तशा किती पट्ट्या चुलीत टाकल्या, याचा हिशेब त्या अजून करत असतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
सोलापूर